लाईट जाऊन आली की प्रिंटर गायब, नेटवर्क 'पब्लिक': फायरवॉल बंद करण्याआधी हे बघा

पेरण्या उरकल्या की आमच्याकडं पीक विम्याची गर्दी सुरू होते. सातबारा, पासबुक आणि आधारची झेरॉक्स कॅरीबॅगमध्ये धरून माणसं सेवा केंद्राच्या दारात उभी असतात आणि नेमका तेव्हाच मला फोन येतो, "भाऊ, प्रिंट निघंना गेलीय. नेट चालू हाय, पण प्रिंटर ऑफलाइन दाखवायलंय."

मी लातूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. आजूबाजूची सेवा केंद्रं, झेरॉक्सवाले, एक-दोन शाळा यांची मशीनं माझ्याकडंच असतात. ही तक्रार इतक्या वेळा आली की शेवटी सगळं एका जागी लिहून काढलं.

लक्षणं ठरलेली आहेत. दोन मशीनं. पहिल्याला यूएसबीच्या वायरनं प्रिंटर जोडलेला आणि शेअर केलेला, दुसरं मशीन त्यावरच प्रिंट पाठवतं. काल संध्याकाळपर्यंत सगळं नीट. रात्री लाईट गेली, पहाटे आली. सकाळी दुकान उघडलं तर दुसऱ्या मशीनला प्रिंटर सापडत नाही. कुणीतरी येऊन काहीतरी करून जातं, प्रिंट निघायला लागते आणि आठ-पंधरा दिवसांनी परत तेच.

हे 'काहीतरी' काय होतं, ते विचारल्याशिवाय मी आता मशीनला हात लावत नाही. बहुतेक ठिकाणी दोनच उत्तरं मिळतात. एक, फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून मशीनमध्ये शिरणाऱ्याला अडवणारा पहारेकरी, बंद केली. दोन, नेटवर्क रिसेट मारलं, म्हणजे नेटवर्कची सगळी सेटिंगं पुसून पहिल्यासारखी केली. पहिल्या उपायानं प्रिंट निघते, पण मशीन उघडं पडतं. दुसरा उपाय तर हा त्रास पुन्हा ओढवून घेणाराच आहे, कारण नेटवर्क रिसेट केल्यावर विंडोज तुमची ओळखीची नेटवर्कंही 'पब्लिक' करून ठेवू शकतं. म्हणजे ज्या कारणानं प्रिंटर बंद पडला होता, तेच कारण आपण आपल्या हातानं परत आणून बसवतो.

'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' म्हणजे नेमकं काय

एका सेवा केंद्रातल्या ताईंनी मला जे सांगितलं, त्यात या सगळ्या घोळाचं मूळ आहे. मी विचारलं, "ताई, मोबाईलच्या हॉटस्पॉटलाही प्रायव्हेट कुणी केलं?" त्या म्हणाल्या, "मीच केलं. पब्लिक ठेवलं तर आपलं सगळं पब्लिकला दिसंल की भाऊ."

शब्दच असे आहेत की कुणाचाही असाच समज व्हावा. पण अर्थ बरोबर उलटा आहे. 'पब्लिक' हा शब्द तुमच्या मशीनबद्दल नाही, आजूबाजूच्या लोकांबद्दल आहे. आपण विंडोजला सांगत असतो, 'हे नेटवर्क सार्वजनिक आहे, इथं कोण कोण बसलंय मला माहीत नाही, तू दार लावून बस.' मग विंडोज त्या नेटवर्कवर आपलं मशीन इतरांना दिसू देत नाही, फाइल आणि प्रिंटर शेअरिंग बंद ठेवतं. 'प्रायव्हेट' म्हणजे 'ही आपली माणसं आहेत, दार उघडं ठेवलं तरी चालेल.' इंटरनेट दोन्हीत सारखंच चालतं. वेग बदलत नाही, साइट उघडायची थांबत नाही. फरक पडतो तो फक्त शेजारच्या मशीनला तुमच्या मशीनपर्यंत येऊ द्यायचं की नाही, एवढ्यात.

म्हणून नियम सोपा आहे. या नेटवर्कवरच्या दुसऱ्या एखाद्या मशीनला माझ्या मशीनकडून काही हवंय का? प्रिंटर, फोल्डर, बिलिंगचा डेटा? आणि त्या नेटवर्कवरची सगळी मशीनं माझ्या ओळखीची आहेत का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच प्रायव्हेट. बाकी सगळीकडं पब्लिक. विंडोज ११ मध्ये नवीन नेटवर्क आपोआप पब्लिकच धरलं जातं आणि त्यापुढं 'रेकमेंडेड' असं लिहिलेलंही असतं, ते याच कारणानं.

लातूरला शिकवणीसाठी राहणाऱ्या माझ्या भाच्यानं विचारलं होतं, "मामा, होस्टेलच्या वायफायला पासवर्ड आहे. म्हणजे ते प्रायव्हेटच की?" नाही. वायफायचा पासवर्ड म्हणजे वाड्याच्या दिंडी दरवाजाची किल्ली. होस्टेलमध्ये ती सगळ्यांकडं असते, मागच्या वर्षी सोडून गेलेल्या पोरांकडंही असते. प्रायव्हेट-पब्लिक हा तुमच्या खोलीच्या कडीचा प्रश्न आहे. दिंडी दरवाजा बंद आहे म्हणून कुणी खोली सताड उघडी टाकत नाही. होस्टेल, लॉज, अभ्यासिका, रेल्वे स्टेशन, लग्नाचं कार्यालय: पासवर्ड असो नसो, पब्लिक.

हे मी शिकलो ते संभाजीनगरच्या एका लॉजवर. रात्री लॅपटॉप उघडला, फाइल एक्सप्लोररमध्ये डावीकडच्या 'नेटवर्क'वर चुकून क्लिक झालं आणि समोर एका अनोळखी मशीनचं नाव आलं. त्याखाली एक शेअर केलेला फोल्डर. फोल्डरचं नाव होतं 'आधार स्कॅन'. मी तो उघडला नाही. खाली काउंटरवर जाऊन सांगितलं की तुमच्याकडं उतरलेल्या कुणाचा तरी लॅपटॉप उघडा आहे, त्यांना निरोप द्या. पण परत वर येताना खरी गोष्ट ध्यानात आली. मला तो दिसला, कारण माझंही प्रोफाइल, म्हणजे हे पब्लिक-प्रायव्हेटचं सेटिंग, प्रायव्हेट होतं. म्हणजे मीही सगळ्यांना दिसत होतो. विंडोज १० मध्ये नवीन वायफाय जोडलं की उजव्या बाजूला पट्टी यायची, 'तुमचा पीसी या नेटवर्कवरच्या इतर पीसींना दिसू द्यायचा का' असं विचारणारी. घाईत मी 'येस' दाबलं होतं. माझ्या लॅपटॉपवर गिऱ्हाइकांच्या दुरुस्तीला आलेल्या मशीनांचा बॅकअप असतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग दुकानातलं नेटवर्क आपोआप पब्लिक का होतं?

याची तीन कारणं मला वरचेवर सापडतात.

पहिलं आणि मोठं कारण लाईटचं. कॉम्प्युटर यूपीएसवर असतो, राउटर मात्र भिंतीतल्या साध्या प्लगवर. लाईट गेली की राउटर मरतो, कॉम्प्युटर चालूच राहतो. लाईट आली की राउटरचे दिवे लुकलुकायला लागतात, केबलची जोडणी लगेच होते, पण प्रत्येक मशीनला नेटवर्कवरचा आकडी पत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) वाटायचं काम सुरू व्हायला राउटरला वेळ लागतो. तेवढ्यात कॉम्प्युटर पत्ता मागून थकतो आणि स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक तात्पुरता पत्ता लावून घेतो. गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार असलेला राउटर, सापडत नाही, म्हणून विंडोजला हे नेटवर्क ओळखता येत नाही. नाव येतं 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क', आणि अनोळखी म्हटल्यावर प्रोफाइल पब्लिक. अशा वेळी सेटिंगमध्ये काहीही बदलू नका. नेटवर्कची वायर काढा, दहा सेकंद थांबा, परत लावा. पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा आला की जुनं नाव आणि जुनं प्रोफाइल आपोआप परत येतं.

कायमचा उपाय म्हणजे राउटरला बॅकअप. बहुतेक राउटर आणि फायबरचे डबे १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा मिनी यूपीएस मिळतो. घेण्याआधी आपल्या अ‍ॅडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या, काही डबे ९ व्होल्टचेही असतात. दुकानात इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग तिकडं हलवा. सेटिंगांच्या खटपटीपेक्षा या एका गोष्टीनं माझे निम्मे फोन थांबलेत.

दुसरं कारण, राउटर बदलणं. विंडोज नेटवर्क ओळखतं ते गेटवेच्या, म्हणजे राउटरच्या हार्डवेअर पत्त्यावरून (उपकरणाची ओळख सांगणारा क्रमांक). वायफायचं नाव तेच ठेवलं, पासवर्डही तोच ठेवला, तरी नवीन डबा बसवला की विंडोजच्या दृष्टीनं ते नवीन नेटवर्क. नावापुढं '२' लागलेला दिसला तर समजा, हेच झालंय. इंटरनेटवाल्याचा माणूस डबा बदलून गेला आणि दुसऱ्या दिवशी प्रिंटर बंद पडला, याचं कारण हेच.

तिसरं कारण म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट. फायबर तुटली की दुकानदार दोन्ही मशीनं आपल्या फोनवर घेतो, आणि तसंच करावं लागतं. पण ते वेगळं नेटवर्क आहे, त्याचं प्रोफाइल वेगळं. शिवाय काही फोन हॉटस्पॉटचा हार्डवेअर पत्ता बदलत राहतात, त्यामुळं तोच फोन विंडोजला दर वेळी नवा वाटू शकतो. हॉटस्पॉट स्वतःच्या फोनचा असेल, पासवर्ड तुमच्या दोन मशीनांशिवाय कुणाला दिलेला नसेल, तर तेवढ्या वेळापुरतं प्रायव्हेट करायला हरकत नाही. पण गिऱ्हाइकाच्या फोनचा हॉटस्पॉट घेतला असेल तर पब्लिकच राहू द्या आणि प्रिंट पहिल्या मशीनवरूनच काढा. थोडी धावपळ होईल, होऊ द्या.

दुरुस्ती

आधी पहिल्या मशीनकडं जा, म्हणजे ज्याला प्रिंटर जोडलाय त्याच्याकडं. पुष्कळ जण दुसऱ्या मशीनवर तासभर घालवतात. दार उघडायचंय ते प्रिंटरवाल्या मशीनचं.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग 'नेटवर्क अँड इंटरनेट'. केबल असेल तर 'इथरनेट', वायफाय असेल तर 'वायफाय' आणि त्यात जोडलेल्या नेटवर्कची 'प्रॉपर्टीज'. तिथं 'नेटवर्क प्रोफाइल टाइप'मध्ये प्रायव्हेट निवडा. विंडोज १० मध्ये 'स्टेटस' पानावर 'प्रॉपर्टीज' बटण असतं, त्यातच हे सापडतं. नंतर 'अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज'मधून 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज' उघडा. विंडोज १० मध्ये हे कंट्रोल पॅनेलच्या 'नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर'मध्ये आहे. 'प्रायव्हेट नेटवर्क्स'खाली नेटवर्क डिस्कव्हरी (मशीनांनी एकमेकांना दिसणं) आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. त्याच पानावर 'पब्लिक नेटवर्क्स'खालीही हेच दोन स्विच आहेत. ते बंदच असले पाहिजेत. तिथं कुणी चालू करून गेलं असेल तर ते मशीन कुठल्याही नेटवर्कवर उघडं आहे, पब्लिक असूनही.

खाली 'ऑल नेटवर्क्स'मध्ये 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' असतं. ते बंद केलं की पटकन चालतं, म्हणून सगळे बंद करतात. मी करत नाही. पहिल्या मशीनवर फक्त प्रिंटसाठी एक साधं खातं काढतो, त्याला पासवर्ड देतो, आणि दुसऱ्या मशीनवर तो एकदा टाकून 'रिमेंबर' करतो. पाच मिनिटांचं काम आहे. शिवाय विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज 'प्रो' असलेली मशीनं बिनपासवर्डाचं गेस्ट कनेक्शन मुळातच नाकारतात, त्यामुळं तो जुना मार्ग पुढं तसाही चालणारा नाही.

यानंतर दुसऱ्या मशीनवर प्रिंटर नव्यानं जोडा, आणि पत्त्याच्या आकड्यांनी नको, पहिल्या मशीनच्या नावानं जोडा. आकडे लाईट जाऊन आल्यावर बदलू शकतात, नाव बदलत नाही. प्रिंटर थेट वायफायवर असेल तर मात्र राउटरच्या पानावर जाऊन 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये त्याचा पत्ता बांधून टाका. एखाद्या कॉम्प्युटरचा पत्ता असाच बांधला असेल, तर त्या मशीनवरचं 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस' त्या वायफायपुरतं बंद आहे का बघा, नाहीतर राउटर त्याला ओळखणार नाही.

सगळं करूनही दुसरं मशीन पहिल्याला बघतच नसेल, तर ते राउटरच्या 'गेस्ट' वायफायवर तर नाही ना, हे तपासा. गेस्ट नेटवर्क मशीनांना एकमेकांपासून वेगळं ठेवण्यासाठीच असतं. गिऱ्हाइकांना द्यायला ते उत्तम आहे, दुकानाच्या मशीनला नाही. आणि तुम्ही वेगळा अँटिव्हायरस टाकला असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असते, तिच्यातही हे नेटवर्क विश्वासाचं म्हणून नोंदवावं लागतं.

फायरवॉल परत चालू करा

कुणी बंद करून गेलं असेल तर आत्ताच. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन' उघडा. डोमेन (कंपनीचं नेटवर्क), प्रायव्हेट, पब्लिक, तिन्ही चालू हवेत. नंतर त्याच पानावरून 'अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप थ्रू फायरवॉल' उघडा. प्रत्येक प्रोग्रॅमपुढं दोन चौकोन दिसतील, प्रायव्हेट आणि पब्लिक. नवीन सॉफ्टवेअर पहिल्यांदा चालवताना जी खिडकी येते, तिच्यात माणसं दोन्ही चौकोनांवर टिक करून मोकळी होतात. बिलिंगचं किंवा स्कॅनरचं सॉफ्टवेअर असेल तर फक्त प्रायव्हेटवर टिक ठेवा. लांबून दुसऱ्याला स्क्रीन दाखवणारी जी ॲप्स कधीतरी एकदा टाकलेली असतात, त्यांची परवानगी तर काढूनच टाका. यादी फारच बिघडलेली असेल तर 'रिस्टोअर फायरवॉल्स टू डिफॉल्ट' दाबा आणि लागतील त्या परवानग्या परत द्या.

मी याबद्दल इतका आग्रही आहे, कारण मी स्वतः एके काळी फायरवॉल बंद करून देत होतो. गिऱ्हाईक थांबलेलं, प्रिंट निघाली, झालं. मग १२ मे २०१७ ला वॉनाक्राय आलं, फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारं व्हायरससारखं सॉफ्टवेअर. ते शेअरिंगच्याच एसएमबी १ या जुन्या प्रोटोकॉलमधून, म्हणजे मशीनांनी एकमेकांशी बोलायच्या पद्धतीतून, ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या दारातून, एका मशीनवरून शेजारच्या मशीनवर जात होतं. कुणी काही क्लिक करायची गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टनं त्याचा पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारा अपडेट, मार्चमध्येच दिला होता, पण ज्यांनी अपडेट थांबवले होते त्यांच्याकडं तो नव्हता. त्या आठवड्यात मी हातात वही घेऊन, ज्या ज्या दुकानात फायरवॉल बंद केली होती तिथं तिथं जाऊन आलो. कुणाच्या मशीनला काही झालेलं नव्हतं. पण त्या मशीनांत गावातल्या माणसांचे आधार, पासबुकं, जमिनीचे कागद होते, आणि ती माणसं आपले कागद तिथं विश्वासानं देऊन गेली होती.

एसएमबी १ आजही कुणीतरी चालू करून ठेवतं, जुन्या मशीनला जोडण्यासाठी. विंडोजनं ते २०१७ च्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून मुळात बसवणंच बंद केलं आहे. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये ते टिक केलेलं दिसलं तर काढा. प्रिंटर जोडताना ११बी ने संपणारा एरर येत असेल तर तो सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटनंतर सुरू झालेला प्रकार आहे. त्यावर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीत, एक शून्य टाकायचा उपाय सगळीकडं फिरतो. तो टाकू नका, कारण त्यानं ती सुरक्षाच निघून जाते. आधी दोन्ही मशीनं पूर्ण अपडेट करा आणि दोन्हीकडं प्रिंटरचा ड्रायव्हर सारखा आहे का बघा. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, तेव्हा कागदपत्रं ठेवायचं मशीन त्यावर असेल तर त्याचा निर्णय लांबवू नका.

एक वेगळाच 'प्रायव्हेट'

ब्राउझरमध्ये 'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' असं लाल चिन्ह आलं म्हणून नेटवर्क प्रायव्हेट करून घेतलेली मशीनंही माझ्याकडं आली आहेत. त्याचा या सेटिंगशी काडीचा संबंध नाही. आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. लाईट गेल्यावर घड्याळ जुन्या वर्षात जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल उतरलाय. तो बदला, तारीख लावा, साइट उघडेल. तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल आणि साइट बँकेची किंवा सरकारी असेल, तर पुढं जाऊ नका, दुसऱ्या नेटवर्कवरून बघा.

सगळं झाल्यावर एक चाचणी दुकानदारासमोरच घ्या. दोन्ही मशीनांवरचं काम सेव्ह करून मेन स्विच पाडा. दोन मिनिटं थांबा, परत वर करा, राउटरचे दिवे स्थिर होऊ द्या. पहिल्या मशीनवर नेटवर्कचं जुनं नाव आणि प्रायव्हेट दिसतंय का बघा. मग दुसऱ्या मशीनवरून एक पान काढा. मी त्याच पानाच्या पाठीमागं तारीख, प्रिंटरवाल्या मशीनचं नाव आणि 'फायरवॉल चालू आहे, बंद करू नये' एवढं पेनानं लिहितो आणि राउटरच्या शेजारी भिंतीला चिकटवून येतो.